एका घरात दोन अळंब्या : नाशिकमधल्या एका विषबाधेचं प्रकरण

श्रावणातला शनिवार. सातपूरच्या कामगार वस्तीतलं पाच जणांचं घर : वडील (वय ३८), आई (३४), आजी (६२), काका (२९) आणि तिसरीतला मुलगा, वय ९, वजन २४ किलो. घर मूळचं पेठ तालुक्यातलं. महिनाभर मटण बंद, म्हणून रात्री अळंबीचा रस्सा. साडेआठला पंगत बसली.

हे कुटुंब शिकवण्यासाठी उभं केलं आहे. प्रसंगांचा क्रम आणि रक्ताचे आकडे मात्र अशा विषबाधेत जसे दिसतात तसेच ठेवले आहेत.

अळंबी आणली काका-पुतण्याने, पाथर्डी फाट्याकडच्या एका लेआउटच्या मोकळ्या प्लॉटमधून. दोन प्रकारची होती. गवतात उगवलेल्या, बशीएवढ्या, पांढऱ्या, वर तपकिरी खवले असलेल्या मोठ्या छत्र्या. आणि कुंपणाच्या झुडपाखाली, पालापाचोळ्यात उगवलेल्या लहान, फिक्या, तांबूस खवल्यांच्या टोप्या. मोठ्या छत्र्या काकाने तिखट-मीठ लावून तव्यावर भाजल्या. त्या त्याने आणि भावाने जेवणाआधीच संपवल्या. लहान टोप्यांचा रस्सा झाला, तो सगळ्यांनी खाल्ला. आईने फक्त रस्सा ओरपला, फोडी पोराच्या ताटात टाकल्या.

आजीला अळंबी कळत नव्हती असं कुणी म्हणू नये. वारुळावर उगवणारी अळंबी तिने लहानपणापासून काढली होती, आणि तिची खूण पक्की होती : हळूच उपटली की दांड्याखाली लांब शेपूट निघतं, ते वारुळाच्या आत वाळवीच्या घरापर्यंत गेलेलं असतं. शास्त्रीय दृष्टीनेही ही खूण अस्सल आहे. टर्मिटोमायसिस ही बुरशी वाळवीसोबतच वाढते आणि तिचा मुळासारखा दांडा हीच तिची ओळख. पण या वेळी आजीपुढे प्लास्टिकच्या पिशवीत नुसत्या टोप्या आल्या. दांडे पोराने जागेवरच मोडून टाकले होते. ज्या खुणेवर आजीची सगळी विद्या उभी होती, तीच पिशवीत नव्हती. मग तिने दुसरी परीक्षा घेतली. रश्शात लसणाच्या पाकळ्या टाकल्या, त्या काळ्या पडल्या नाहीत. लसूण, चांदीचं नाणं, किड्यांनी खाल्लेली म्हणजे चांगली, या सगळ्या परीक्षा निरुपयोगी आहेत. माणसाचं यकृत संपवणारी अळंबी गोगलगाय मजेत खाते.

पावणेअकराला वडील आणि काका दोघांनाही जोरात उलट्या सुरू झाल्या, पाठोपाठ जुलाब. जवळच्या दवाखान्यात सलाईन, उलटीचं इंजेक्शन, रात्री दोनला घरी. कागदावर निदान होतं ‘गॅस्ट्रो’. पावसाळ्यातल्या नाशिकमध्ये कुणीही हेच लिहिलं असतं. सकाळी दोघंही सावरले आणि काका कंपनीत पहिल्या पाळीला निघून गेला.

रविवारी सकाळी साडेसहाला मुलाला पाण्यासारखे जुलाब लागले, तासाभराने आईला. आजीचं पोट तेव्हा ठीक होतं. तिने उरलेला रस्सा गरम करून भाकरीबरोबर खाल्ला, अन्न टाकायचं नाही म्हणून. तिला त्रास सुरू झाला संध्याकाळी.

मुलाला मोठ्या रुग्णालयात आणलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता. डोळे खोल, नाडी १३८, रक्तदाब ८४/५०, हातपाय गार. रक्तातली साखर ५६, पोटॅशियम ३.०, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मोजणारा आकडा) १.०, म्हणजे २४ किलोच्या पोरासाठी जास्तच. एसजीपीटी (यकृताच्या पेशी तुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) ५८, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप, यकृत थकलं की वाढतं) १.१. यकृताच्या अंगाने पाहिलं तर जवळजवळ निर्मळ रिपोर्ट.

ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरने आईला दोन प्रश्न विचारले. काय खाल्लं, हा पहिला, तो सगळेच विचारतात. दुसरा : किती वाजता खाल्लं आणि याला पहिला जुलाब किती वाजता झाला? उत्तर, दहा तासांनी.

या दहा तासांचं वजन समजून घ्यायला हवं. पोट बिघडवणाऱ्या बहुतेक अळंब्या अर्ध्या तासापासून तीन-चार तासांत आपला हिसका दाखवतात आणि एक-दोन दिवसांत माणूस बरा होतो. अमॅटॉक्सिन हे यकृत मारणारं विष असलेल्या अळंबीत पहिले सहा तास, बहुतेकदा आठ-बारा तास, काहीच होत नाही. म्हणून जगभर एक कामचलाऊ नियम वापरतात : त्रास सहा तासांनंतर सुरू झाला तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत अमॅटॉक्सिन समजा. याचा उलटा नियम मात्र खरा नाही. त्रास लवकर सुरू झाला म्हणून अमॅटॉक्सिन नाही, असं म्हणता येत नाही, कारण पिशवीत दोन प्रकार असू शकतात. इथे तेच होतं. फक्त वडील आणि काकांकडे पाहिलं तर घड्याळ म्हणत होतं साधी विषबाधा. मुलगा आणि आईकडे पाहिलं तर ते वेगळंच सांगत होतं. जो डॉक्टर एकाच रुग्णाचा कागद वाचेल त्याला हे कळणार नाही. घरातल्या प्रत्येकाची जेवणाची आणि त्रासाची वेळ एका कागदावर शेजारी शेजारी मांडावी लागते.

फरकनिदानात, म्हणजे दुसरं काय असू शकतं या यादीत, आणखी एक गोष्ट आली, ती नाशिकमुळे. द्राक्षाच्या फवारणीची विषबाधा इथल्या प्रत्येक इंटर्नने पाहिलेली असते : लाळ, घाम, डोळ्यातून पाणी, बारीक बाहुल्या, मंद नाडी. मस्करीन असलेल्या काही अळंब्या हुबेहूब असंच चित्र उभं करतात, तासा-दोन तासांत, आणि त्यावरचं औषधही तेच, ॲट्रोपिन. या मुलाच्या बाहुल्या नेहमीसारख्या, तोंड कोरडं, नाडी धावती. तो रस्ता बंद झाला.

काकाला कंपनीतून बोलावून घेतलं, वडिलांनाही भरती केलं. वडील चिडले. “साहेब, मला काय झालंय? पोराचं बघा.” आजीने तर यायलाच नकार दिला. “मी पेठची हाय. मला अळंबी बाधत नाही,” असा निरोप पाठवला.

उपचार सुरू झाले ते अळंबीची ओळख पटायच्या आत. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. लघवीत अमॅटॉक्सिन शोधण्याची चाचणी जगात आहे, पण आपल्या जिल्ह्यात रविवारी दुपारी ती मिळेल या आशेवर थांबायचं नसतं. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल फ्री क्रमांक, १८०० ११६ ११७, तिथे फोन झाला. त्याच वेळी शिरेतून पाणी, क्षार आणि साखर चालू झाली.

पाणी हा इथला सर्वात स्वस्त आणि सर्वात कमी लेखलेला उपचार. हे विष मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, तेही मुख्यतः पहिल्या दोन दिवसांत. जुलाबांनी रक्तदाब घसरला, लघवी आटली, की विष शरीरातच फिरत राहतं. म्हणून लघवी तासाला मोजायची. आणि जुलाब थांबवणारी गोळी द्यायची नाही.

दुसरा उपचार सक्रिय कोळसा : किलोमागे एक ग्रॅम, नंतर दर चार तासांनी अर्धा ग्रॅम. सोळा तासांनंतर कोळशाचा काय उपयोग, असं निवासी डॉक्टरांपैकी एकाने विचारलंच. उत्तर विषाच्या प्रवासात आहे. अमॅटॉक्सिन आतड्यातून यकृतात जातं, तिथे पेशींच्या दारावरचे वाहक त्याला आत घेतात. आत गेल्यावर ते आरएनए पॉलिमरेज दोन हे एन्झाइम अडवतं. जनुकांवरून प्रथिनं बनवण्याचे आदेशच निघेनासे होतात आणि पेशी आधीचा साठा संपेपर्यंत तग धरते. त्रास उशिरा दिसतो तो यामुळे. पण यकृत यातलं थोडं विष पित्तात टाकतं, पित्त आतड्यात येतं, तिथून ते पुन्हा शोषलं जातं आणि पुन्हा यकृतात जातं. कोळसा या फेऱ्यात मध्येच ते धरतो. शिजवल्याने, वाळवल्याने, तळल्याने हे विष मोडत नाही. पाण्यात मात्र विरघळतं. त्यामुळे एकही फोड न खाता नुसता रस्सा प्यायलेली आईसुद्धा रुग्णच होती.

तिसरं एन-ॲसिटिलसिस्टीन, पॅरासिटामॉलच्या विषबाधेत वापरतात तेच : पहिल्या तासात किलोमागे १५० मिलिग्रॅम, पुढच्या चार तासांत ५०, त्यापुढच्या सोळा तासांत १००, आणि मग यकृत सावरेपर्यंत चालू. लहान मुलात हे औषध जास्त पाण्यात मिसळून दिलं तर रक्तातलं सोडियम घसरून झटके येऊ शकतात, म्हणून पाण्याचा हिशेब वजनावर करावा लागतो.

चौथं पेनिसिलिन जी. संसर्गासाठी नव्हे, यकृताच्या पेशीत विष शिरू नये म्हणून, आणि तेही प्रचंड मात्रेत, दिवसाला किलोमागे ३ ते १० लाख युनिट. मुलाला खालच्या टोकाची मात्रा ठरली, दिवसाला ७२ लाख युनिट. याचा पुरावा कच्चा आहे. प्राण्यांवरचे प्रयोग आणि जुन्या रुग्णांच्या नोंदी यांवरच तो उभा आहे. मूत्रपिंड दमलेलं असताना एवढं पेनिसिलिन मेंदूला त्रास देऊ शकतं. युरोपात शिरेतून सिलिबिनिन देतात. तेही विषाला त्याच दारावर अडवतं, आणि माझा कौल पेनिसिलिनपेक्षा त्याच्याच बाजूने आहे. पण नाशिकच्या कुठल्या मेडिकलमध्ये ते इंजेक्शन मागून पाहा. सिलिबिनिन ज्यात असतं ते सिलिमरिन गोळ्यांत मिळतं, ते दिलं. त्यावर भरवसा ठेवून कुणी बसलं नाही.

सोमवारची सकाळ, जेवणानंतर पस्तीस तास. या प्रकरणाची गाठ इथे आहे.

मुलाचे जुलाब थांबले होते. तो उठून बसला, पोहे मागितले, शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाचा मोबाइल घेऊन खेळू लागला. वडिलांच्या आणि काकांच्या उलट्या कधीच थांबल्या होत्या. वडिलांनी घरी सोडण्याचा कागद मागितला. त्यात आणखी एक गोष्ट घडली. रविवारी संध्याकाळी शेजाऱ्याला सांगून घरच्या कचऱ्याच्या डब्यातून अळंबीचे उरलेले तुकडे कागदी पिशवीत मागवले होते. (प्लास्टिकमध्ये ती घामेजून सडतात.) त्यातली एक मोठी, न भाजलेली छत्री पांढऱ्या कागदावर पालथी घालून वर वाटी झाकून ठेवली होती. सकाळी वाटी उचलली तर कागदावर हिरवट भुकटीचा ठसा. हिरवे बीजाणू म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. पावसाळ्यात हिरवळीवर, मैदानांत सर्रास उगवणारी ही अळंबी कोवळी असताना खालून पांढरीच दिसते, म्हणून लोक फसतात. पोट जबर बिघडवते, सहसा मारत नाही. वॉर्डात सुस्कारा पडला. ओळख पटली, रुग्ण खातोय, नातेवाईक कागद मागतायत.

विरोधात दोनच आकडे होते. मुलाचा एसजीपीटी ५८ वरून ४१२ झाला होता आणि आयएनआर १.४.

अमॅटॉक्सिनच्या विषबाधेत दुसऱ्या दिवशी बरं वाटतंच. जुलाब ओसरतात, भूक लागते, आणि आत यकृताच्या पेशी मरत असतात. जगभर रुग्ण याच टप्प्यावर घरी जातात आणि चौथ्या दिवशी पिवळे होऊन, बरळत परत येतात. हिरव्या ठशाने एवढंच सिद्ध झालं होतं की पिशवीत क्लोरोफायलम होती. फक्त तीच होती, हे नव्हे. दहा तासांचा उशीर आणि चढता एसजीपीटी तिच्या खात्यात बसत नव्हते.

मग डब्यातला कचरा पुन्हा चाळला गेला. लहान टोपीचे दोन तुकडे निघाले : खालच्या बाजूला पांढरे पडदे, वर तांबूस खवले. त्यांचे फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना गेले. त्यांचं उत्तर सावध होतं : लेपिओटा गटातली वाटते, प्रजाती फोटोवरून सांगणार नाही. तेवढं पुरे होतं. विषारी अळंबी म्हटलं की पुस्तकात अमानिटाचं चित्र असतं, आणि अमानिटाला सहसा ठरावीक झाडांच्या मुळांची सोबत लागते. म्हणून शहरात ती कुठून येणार, असं वाटतं. लेपिओटाला अशी सोबत लागत नाही. कुंपण, बाग, पालापाचोळा चालतो, आणि तिच्या काही लहान प्रजातींत तेच अमॅटॉक्सिन असतं. घातक मात्रा शरीराच्या किलोमागे साधारण ०.१ मिलिग्रॅम मानतात. या मुलासाठी अडीच मिलिग्रॅमही नाही.

वडिलांना हे समजावताना मोठ्या डॉक्टरांनी यकृताचं चित्र काढलं नाही. दोन दिवसांचे एसजीपीटीचे आकडे दाखवले आणि म्हणाले, “दादा, संध्याकाळी हाच आकडा परत काढतो. कमी आला तर मी स्वतः सही करतो.” संध्याकाळी सातला आकडा आला १,८६०. आयएनआर २.०. कागदाची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

सोमवारी दुपारीच आजीला उचलून आणलं होतं. क्रिएटिनिन ३.४, एसजीपीटी २,९००, आयएनआर ३.८. दोनदा खाल्लेला रस्सा, आधीचा मधुमेह, रात्रभर पाण्याविना जुलाब.

मंगळवारी सकाळी मुलाचा एसजीपीटी ४,३००, आयएनआर २.८, बिलिरुबिन (काविळीचा आकडा) २.९. इथे एक मोह टाळावा लागतो. आयएनआर वाढला म्हणून प्लाझ्माच्या पिशव्या लावायच्या नाहीत, रक्तस्राव असेल तरच. यकृत किती शिल्लक आहे हे सांगणारा तोच आकडा असतो, प्लाझ्माने तो खोटा सुधारतो आणि प्रत्यारोपणाचा निर्णय आंधळा होतो. व्हिटॅमिन के दिलं. साखर दर दोन तासांनी. तापाला पॅरासिटामॉल बंद. आणि दर पाळीला मुलाला वहीवर स्वतःचं नाव आणि नऊचा पाढा लिहायला लावायचा. मेंदूवर परिणाम होऊ लागला की गुंगी येण्याआधी अक्षर बिघडतं.

प्रत्यारोपण केंद्राशी बोलणं आयएनआर २ झाला तेव्हाच, सोमवारी रात्री झालं होतं. प्रत्यारोपण कधी लागेल हे ठरवणारे लंडनच्या किंग्ज कॉलेजचे निकष पॅरासिटामॉलखेरीजच्या यकृतनाशात ६.५ च्या वर आयएनआर गेला की धोक्याचा बावटा दाखवतात, पण त्या आकड्यापर्यंत थांबून मग कसारा घाट उतरायचा नसतो. मुंबई रस्त्याने पावणेदोनशे किलोमीटरच्या आत आहे, आणि श्रावणातल्या पावसात घाटात किती वेळ जाईल हे कुणी सांगू शकत नाही. शुद्धीत असलेलं मूल हलवणं सोपं. बेशुद्ध, नळी घातलेलं मूल हलवणं वेगळं.

केंद्राने पहिला प्रश्न विचारला : यकृताचा भाग कोण देणार? आणि इथे जे समोर आलं त्याचा विचार कुणी केला नव्हता. एरवी आईबाप पुढे येतात. इथे आईचा एसजीपीटी ४१०, वडिलांचा ३४०, काकाचा १,१००. एकाच पातेल्याने मुलाला आजारी केलं होतं आणि त्याचे सगळे दातेही बाद केले होते. रक्तगट जुळणारा, निरोगी, यायला तयार असा एकच माणूस निघाला, दिंडोरीचा मामा. पण १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात ‘जवळचे नातेवाईक’ म्हणजे पती-पत्नी, मुलं, आईवडील, भावंडं, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडं. मामा त्यात बसत नाही. त्याला प्राधिकार समितीची परवानगी लागते. आपल्याकडे भाच्याच्या लग्नात मामाशिवाय अंतरपाट धरला जात नाही, पण कायद्याच्या यादीत तो परका आहे. समाजसेवा अधीक्षकांनी मंगळवारी दुपारपर्यंत मामाचे आधार, रेशन कार्ड, नातं दाखवणारे दाखले जमवले आणि मुलाच्या रुग्णवाहिकेमागून मामा एका गाडीत ते घेऊन निघाला.

अळंबीची विषबाधा घराघरांनी येते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात दिब्रुगडच्या वैद्यकीय महाविद्यालयात रानटी अळंबी खाल्लेले १३ जण दगावले, त्यात बरेच चहामळ्यांच्या भागातले होते. म्हणून पहिल्या दिवशीच, दाता कुठून येईल हे विचारून ठेवावं असं माझं मत आहे. आजोळ, आत्याचं घर, त्या जेवणाला नसलेलं कुणीही.

मुंबईत बुधवारी मुलाचा आयएनआर ४.४ वर गेला. चिडचिड वाढली, पाढा ‘नव चोक’वर अडला. मामाच्या तपासण्या पूर्ण झाल्या, समितीची परवानगी आली. गुरुवारी सकाळी आयएनआर ३.६. सर्जननी थांबायचं ठरवलं. शुक्रवारी २.४. यकृत स्वतःहून परत येत होतं, आणि आयएनआर प्लाझ्माशिवाय उतरतोय याचा अर्थ खरंच उतरतोय. प्रत्यारोपण झालं नाही. एसजीपीटीही उतरत होता, पण त्याकडे कुणी आनंदाने पाहिलं नाही. मरायला पेशीच उरल्या नाहीत तरी तो उतरतो. आयएनआरबरोबर उतरला तरच ती चांगली बातमी.

आजी नाशिकलाच होत्या. मंगळवारी रात्री बरळू लागल्या, मग नळी, डायलिसिस. गुरुवारी रात्री गेल्या. विषबाधा म्हणून पोलिसांत नोंद, पंचनामा, शवविच्छेदन हे सगळं झालं. व्हिसेरा पाठवताना पत्रात ‘अळंबी, अमॅटॉक्सिनचा संशय’ असं स्पष्ट लिहिलं गेलं. ‘अन्नातून विषबाधा’ एवढंच लिहिलं तर काय शोधायचं हे प्रयोगशाळेला कळणार कसं?

आई-वडील आठवड्याभरात घरी गेले, काका त्यांच्यानंतर दोन दिवसांनी. भाजलेल्या छत्र्यांमुळे पंगतीनंतर दोन-सव्वादोन तासांतच झालेल्या उलट्यांनी दोघा भावांच्या पोटातला बराच रस्सा बाहेर काढला असावा. सिद्ध करता येणार नाही, पण त्यांचे आकडे तसं सुचवतात. मुलगा दोन आठवड्यांनी परतला. तीन महिन्यांनी त्याच्या यकृताच्या तपासण्या नेहमीच्या पातळीवर होत्या, फक्त वजन दीड किलोने कमी. त्या भेटीत आईने विचारलं, बाजारातली धिंगरी चालेल का? चालेल, असं सांगितलं. ती लागवडीची असते. घरात कुणी खाईल की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं.